पत्र्यामागचा नट

येवल्यात विंचूर चौफुलीजवळच्या एका गॅरेजात जुनी हॅचबॅक उभी होती आणि शेजारच्या स्टुलावर लहान मुलाची नवीकोरी सीट. गाडीमालकांच्या भावाने ती जर्मनीहून आणलेली. सीटच्या मागून दोन जबडे बाहेर आलेले. मिस्त्रींनी टेप लावली: मध्यापासून मध्यापर्यंत 280 मिलिमीटर. सीट थेट गाडीतल्या कड्यांना अडकवायच्या आयसोफिक्स पद्धतीचं माप सगळीकडे हेच. गाडीत मात्र या जबड्यांनी पकडावं असं काहीच नव्हतं.

“दोन कड्या वेल्ड करून टाका ना.”

“टाकतो की दादा. पण पत्रा बघा.” त्यांनी मागचा कार्पेट उचलून बोटाने टकटक केलं. आवाज डब्यासारखा आला.

नकार योग्यच होता. युरोपीय चाचणीत अशा कड्यांना पुढच्या दिशेने 8 किलोन्यूटनची ओढ सोसावी लागते, म्हणजे साधारण 800 किलोचा भार. तो कडी नाही, कडीमागची जाड पट्टी पेलते. पातळ पत्र्यावर कडी चिकटवली तर धडकेत पत्र्यासकट उपटून येणार.

सुदैवाने ही सीट तीन टोकांच्या बेल्टनेही बांधता येत होती. पण मागे फक्त कमरेचा पट्टा. मिस्त्रींनी खिडकीमागच्या खांबावरचं प्लास्टिकचं बूच काढलं, तर आत आटे असलेलं भोक! कंपनीने तीन टोकांच्या बेल्टसाठी नट आतून आधीच बसवून ठेवला होता.

मग बोल्ट शोधायची वेळ आली. डब्यातला दहाचा सैल, बाराचा जाईना. बाकी गाडी मिलिमीटरवर, पण बेल्टचा बोल्ट इंची असतो: 7/16, इंचाला 20 आटे. बाराचा बोल्ट पाना लावून ठोकून बसवणारेही आहेत. आटे मरतात आणि वरून काही दिसत नाही. इथे काम थांबलं. बोल्ट आणि बेल्ट नाशिकहून आल्यावरच पुन्हा पाना हातात घेतला. आधी बोटांनी फिरवला, अडत नाही म्हटल्यावर पाना.

चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सीटने न बांधल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब खाली 1000 रुपये दंड आहे. मालकांना त्याची चिंता नव्हती. त्यांना कोपरगावहून समृद्धी महामार्गावर जायचं होतं, जिथे कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे.

मिस्त्रींनी सीटवर गुडघा दाबून बेल्ट ताणला, मग सीट बुडाशी धरून हलवली. ती बोटभरही सरकली नाही. “आता पोराला बसवा,” ते म्हणाले, “आणि खांद्याचा पट्टा मानेवर येतो का ते बघा.”