डिंकावर पोसलेले बेट

काष्ठौषधींच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ मागितली, की पुडीत फिकट पिवळे, काचेसारखे खडे मिळतात. हा अस्सल माल येतो ग्रीसच्या हिओस बेटावरून. नकाशांवर त्याचे नाव किऑस असे दिसते. हे बेट एजियन समुद्रात पार पूर्वेला, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम सात किलोमीटरवर आहे.

मस्तकीचे झाड पिस्त्याच्या जातकुळीतले, बुटके आणि वेडेवाकडे. भूमध्य समुद्राभोवती ते पुष्कळ ठिकाणी उगवते, पण व्यापारी मस्तकी पिकते ती याच बेटाच्या दक्षिण भागात. संत इसिदोरस तिसऱ्या शतकात हुतात्मा झाला तेव्हा झाडे रडली, अशी तिथली श्रद्धा. म्हणूनच या खड्यांना तिकडे ‘अश्रू’ म्हणतात. प्रत्यक्षात झाडाला रडवावे लागते. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाखालची जमीन साफसूफ करून तिच्यावर पांढऱ्या चुनखडीची भुकटी पसरतात, अंगण सारवावे इतक्या निगुतीने. मग टोकदार हत्याराने सालीला बारीक चिरा देतात. चीक थेंबाथेंबाने भुकटीवर गळतो आणि दोन-तीन आठवड्यांत घट्ट होतो. ऑगस्टच्या मध्यापासून वेचणी सुरू होते. खरे चिकाटीचे काम त्यानंतरचे. हिवाळ्यात बायका टेबलाभोवती बसून सुरीच्या टोकाने एकेका खड्यावरची माती आणि सालीचे कण खरवडतात.

या खड्यांसाठी गावे तटबंदीत गेली. १३४६ ते १५६६ या काळात बेट जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होते आणि मस्तकीचा मक्ताही त्यांचाच. चाच्यांचा धाक होताच. मेस्ता गावात फिरताना त्या काळची हुशारी कळते. कडेच्या घरांच्या मागच्या भिंती हाच गावाचा तट. बोळ अरुंद, वर कमानी, मधोमध बुरूज. धाबी एकमेकांना जोडलेली, म्हणजे हल्ला झाला तर माणसे छपरांवरूनच बुरुजाकडे पळू शकत. हे रक्षण गावकऱ्यांचे की मालाचे, असा प्रश्न पडतोच. मस्तकी चोरणाऱ्याला तेव्हा जबर शिक्षा होत.

शेजारचे पिर्गी मात्र नटवे. इथे भिंतीला काळपट वाळूचा गिलावा देतात, त्यावर चुना फासतात आणि तो ओला असतानाच काट्याने खरवडून त्रिकोण, चौकट, चांदण्या काढतात. चर्चपासून साध्या घरापर्यंत एकही भिंत कोरी सोडवत नाही. सज्जांतून वाळत घातलेल्या छोट्या टोमॅटोंच्या माळा लोंबत असतात.

उस्मानी अमलात इथली मस्तकी थेट सुलतानाच्या जनानखान्यात जाई आणि त्याबदल्यात या गावांना सवलती मिळत. १८२२ मध्ये ग्रीक बंडाच्या काळात सुलतानाच्या फौजांनी बेटावर कत्तल केली. हजारो मारले गेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. फ्रेंच चित्रकार दलाक्रवाच्या १८२४ च्या चित्राने ही बातमी युरोपच्या काळजाला भिडवली. मस्तकीची गावे त्यातून बरीचशी वाचली. दया दाखवायला कोणी आले नव्हते, महालाला डिंक हवा होता. बेट ग्रीसमध्ये आले ते १९१२ मध्ये.

बाकी हिओसवर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अकराव्या शतकातल्या निआ मोनी मठातली सोनेरी मोझाइक चुकवू नयेत. व्रोंताडोस गावात ईस्टरच्या रात्री दोन चर्चांचे लोक हाती बनवलेले अग्निबाण एकमेकांच्या घंटेवर सोडतात. अलीकडे सुरक्षेपायी त्यावर अंकुश आला आहे.

मस्तकीचा व्यवहार १९३८ पासून उत्पादकांच्या सहकारी संघाकडे आहे आणि या लागवडीच्या परंपरेला २०१४ मध्ये युनेस्कोची मान्यताही मिळाली. २०१२ च्या वणव्यात खूप झाडे जळाली, पण लागवड थांबली नाही. जाणारच असाल तर वेचणीच्या दिवसांत जा आणि कॅफेत ‘पाणबुडी’ मागवा. मस्तकीचा गोड, चिकट गोळा चमच्यासकट गार पाण्याच्या पेल्यात बुडवून देतात. चमचा चाटायचा, वर पाण्याचा घोट घ्यायचा. राळेचा उग्र वास आधी नाकात शिरतो आणि तो सगळ्यांना मानवेलच असे नाही.