राजघराण्याचा केक: फ्रूट की लिंबू?

ब्रिटनमध्ये लग्नाचा केक म्हणजे फ्रूट केक, हे समीकरण फार जुनं. मनुका, बेदाणे आणि ब्रँडी मुरलेला हा घट्ट केक वरच्या थरांचं ओझं पेलतो आणि महिनोन् महिने टिकतो. म्हणूनच वरचा थर पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवायची प्रथा पडली. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातला केक सुमारे ३०० पौंड वजनाचा होता. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं तेव्हा रेशनिंग चालू होतं. ९ फूट उंच केकसाठी काही जिन्नस ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवले.

२०११ मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट यांनी आपल्या लग्नात ८ थरांचा फ्रूट केक ठेवलाच, शिवाय विल्यमच्या आवडीचा चॉकलेट-बिस्किट केकही. एक रीतीचा, एक आवडीचा. मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. २०१८ मध्ये राजपुत्र हॅरी आणि मेगन यांनी मात्र आपल्या लग्नात फ्रूट केकला फाटा देऊन लिंबाची आणि एल्डरफ्लॉवर या रानफुलांच्या सरबताची चव निवडली. वर बटरक्रीम, ताजी फुलं.

वसई-गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांतही रममध्ये मुरवलेल्या सुक्या मेव्याच्या केकला मान आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात बटरक्रीम ओघळतं. त्यामुळे मांडव उघड्यावर असेल तर मुरलेलाच केक घ्या. आणि ऑर्डर देण्याआधी दोघांनी मिळून चव घेऊन बघा.