‘मधु’ आणि ‘दारू’ यांच्या मधली जागा : भारतीय साहित्यांतील पेये आणि त्यांच्या वेळा

माडाच्या किंवा ताडाच्या पोयीला काप देऊन, चुना लावलेल्या मडक्यात रात्रभर साठलेला रस सूर्योदयापूर्वी उतरवला, तर त्याला नीरा म्हणतात. तोच रस राहू दिला, उन्हे चढली, की तो आंबतो आणि त्याची माडी किंवा ताडी होते. झाड तेच, रस तोच, फरक केवळ वेळेचा. पण भाषेने त्या वेळेची दखल घेऊन दोन नावे दिली. नीरा सरकारी केंद्रावर विकली जाते, ताडीला परवाना लागतो. वेळ बदलली की पेयाचे नाव बदलते, आणि नावाबरोबर त्याची सामाजिक प्रतिष्ठाही बदलते.

कोण काय पितो यापेक्षा ते केव्हा पितो, या प्रश्नाकडे तौलनिक साहित्याभ्यासाचे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भारतीय साहित्यांत मद्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी त्याच्या वेळेवरून ठरतो. मराठीत मात्र ही वेळ दाखवणारा शब्दसंग्रह बोलीत जिवंत असूनही लेखनात क्षीण झालेला दिसतो. त्याचे परिणाम भाषांतरात कसे उमटतात, हे पाहावयाचे आहे.

१. ऋतू, सण आणि पेय

प्रथम काही जिवंत उदाहरणे घेऊ. गोव्यात काजूची बोंडे झाडावरून तोडत नाहीत. पिकून खाली पडलेली गोळा करतात. ती तुडवून काढलेला रस आंबवून भट्टीवर लावला, की पहिल्या गाळपातून उर्राक मिळतो आणि पुन्हा गाळल्यावर फेणी. उर्राक सौम्य असतो, टिकत नाही. म्हणून तो साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंतच मिळतो, आणि गोवेकर त्याची वाट आंब्याची पाहावी तशी पाहतो. फेणी टिकाऊ असल्याने बारमाही आहे. घरगुती औषध म्हणूनही ती फडताळात असते. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले. त्याआधीपासून माडाच्या रसाला कोंकणीत ‘सूर’ हा शब्द आहे. तो संस्कृत ‘सुरा’ या शब्दाशी नाते सांगतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले.

मध्य भारतात मोहाची फुले चैत्राच्या सुमारास पहाटे गळतात आणि सकाळी वेचली जातात. त्यांची दारू लग्नात, मर्तिकात, पेरणीच्या आणि कापणीच्या विधीत लागते. पिण्यापूर्वी काही थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सांडले जातात. झारखंडातील संथाळ आणि मुंडा समाजांत तांदळाची हंडिया सरहुल, सोहराय या सणांशी जोडलेली आहे. सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ प्रदेशात लिंबू लोकांचा तोंगबा आहे. आंबवलेल्या नाचणीवर बांबूच्या भांड्यात कढत पाणी ओततात, नळीने सावकाश पितात, पुन्हा पाणी ओततात. थंडीची लांब संध्याकाळ आणि बसलेला पाहुणा, दोन्ही त्या भांड्याच्या रचनेतच गृहीत धरलेले आहेत. ही सर्व पेये ‘मद्य’ या एका वर्गात बसतात हे खरे; पण त्यांचे भोक्ते त्यांना एका वर्गात बसवीत नाहीत.

२. प्राचीन साहित्यातील वेळेची जाणीव

वेळेची ही जाणीव प्राचीन संहितांतही स्पष्ट आहे. ऋग्वेदाचे संपूर्ण नववे मंडल, म्हणजे ११४ सूक्ते, सोमाला वाहिलेले आहे. आणि सोमयागात सोम सकाळी, माध्याह्नी व तिसऱ्या प्रहरी अशा तीन सवनांत काढला जातो. सुरेला सोमाचा मान नाही, परंतु सौत्रामणीसारख्या यागात तिलाही नेमलेली जागा आहे. म्हणजे भेद केवळ पवित्र-अपवित्र असा नाही. कोणते पेय कोणत्या कर्मात, असा आहे.

कौटिलीय अर्थशास्त्र सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना मेदक, प्रसन्न, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार नोंदवते. सुरेवर राज्याचे कडक नियंत्रण आहे; पण उत्सव, समाज आणि यात्रा यांच्यासाठी चार दिवसांची सवलत आहे. महसुलाच्या व्यवस्थेलाही सणाची वेळ मान्य करावी लागली, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

काव्यात ही वेळ भाववाही होते. ‘मेघदूता’त कालिदास बलरामाच्या आवडत्या हाला या मद्याचा उल्लेख करतो तो त्याने ते सोडले त्या प्रसंगाने, रेवतीच्या डोळ्यांचे प्रतिबिंब ज्यात पडे तो प्याला बाजूला सारून तो सरस्वतीचे पाणी पितो. युद्धाच्या काळी न पिणे हेही वेळेचेच भान आहे. तमिळ संगम साहित्यातील ‘पुरनानूरु’त अव्वैयारने अदियमान या राजाचा शोक करताना त्याची थोरवी कळ्ळू, म्हणजे ताडी, वाटण्याच्या रीतीवरून सांगितली आहे : थोडी असली तर तो ती आम्हांलाच देई, पुष्कळ असली तर आम्ही गात असू आणि तो आनंदाने पीत असे. येथे पेय हे दातृत्वाचे माप आहे.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’चे. तिच्यातील एका गाथेत गोदावरीच्या काठच्या, फुलांच्या भाराने फांद्या जमिनीला टेकलेल्या मोहाच्या झाडाला विनवणी केली आहे, की फुले हळूहळू गळू दे. फुले संपली की वेचण्याचे निमित्त संपेल, आणि निमित्त संपले की भेटही संपेल. मद्याचा उल्लेखही न करता मोहाचा सगळा मोसम, त्याची पहाट आणि त्याची उत्कंठा येथे आली आहे. आज मोहाचे नाव लेखनात येते ते बहुधा ‘मोहाची दारू’ या रूपात. त्या झाडाला मराठीच्या पूर्वसूरी भाषेत अशी जागा होती.

३. फार्सी-उर्दू संकेत आणि मराठीतील ‘मधु’

अरबी काव्यपरंपरेने सकाळच्या पानाला ‘सबूह’ आणि संध्याकाळच्या पानाला ‘गबूक’ अशी स्वतंत्र नावे दिली. फार्सीत आणि पुढे उर्दूत हा संकेत अधिक सूक्ष्म झाला. धर्माने निषिद्ध मानलेले पेय काव्यात केंद्रस्थानी आले, आणि रमजानचा महिना, ईदची चंद्रकोर, वसंताचे आगमन या वेळा त्याच्याभोवती गुंफल्या गेल्या. गालिबच्या एका प्रसिद्ध शेरात बोलणारा सांगतो की मद्य सुटले आहे, पण अजूनही अधूनमधून, ढगाळ दिवशी आणि चांदण्या रात्री, तो पितो. विनोद ‘अधूनमधून’ या शब्दात आहे, तर सौंदर्य निवडलेल्या दोन वेळांत आहे.

ही परंपरा मराठीत आणण्याचे मोठे काम माधव ज्यूलियन यांनी केले. फार्सीचे अभ्यासक असल्याने त्यांनी उमर खय्यामच्या रुबायांकडे पुनःपुन्हा वळून तीन भाषांतरे सिद्ध केली : ‘उमरखय्यामकृत रुबाया’, फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावर आधारलेली ‘द्राक्षकन्या’, आणि ‘मधुलहरी’. शेवटच्या दोन शीर्षकांकडे पाहावे. ‘द्राक्षकन्या’ हे फार्सीतील ‘वेलीची कन्या’ या अर्थाच्या जुन्या रूपकाशी जुळणारे आहे; ‘मधुलहरी’ संस्कृत वळणाचे आहे. हिंदीत बच्चन यांनी १९३५ मध्ये ‘मधुशाला’ लिहिली, तेव्हा त्यांनीही ‘मधु’च निवडला. काव्याला प्याला हवा होता, पण त्याला ‘दारू’चा वास येऊन चालणार नव्हते. अशा रीतीने ‘मधु’ हे कोणीही प्रत्यक्ष न पिणारे, म्हणून निर्दोष असे पेय झाले.

४. मराठीतील ‘दारू’

‘दारू’ हा शब्द मुळात फार्सी, आणि तेथे त्याचा अर्थ औषध. मराठीने हा अर्थ ‘दवादारू’ या जोडशब्दात जपला, तर ‘दारूगोळा’ आणि ‘दारूकाम’ यांत त्याला स्फोटक केले. औषध, स्फोटक आणि मद्य असे तीन अर्थ एका शब्दात राहतात. आणि आधुनिक मराठी गद्यात त्यांतील दुसऱ्या अर्थाची छाया तिसऱ्यावर पडलेली दिसते.

यामागे इतिहास आहे. वसाहतकाळात अबकारी हे महसुलाचे मोठे साधन झाले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावी होणारे गाळप मोडून ते मक्त्याच्या मोठ्या भट्ट्यांत नेले. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांना विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. दारूबंदी ही केवळ नीतीची नव्हे, राज्यकर्त्यांच्या तिजोरीविरुद्धची भूमिका होती.

या वातावरणात गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, रंगभूमीवर आले. सुधाकराच्या पहिल्या प्याल्याला प्रसंग आहे : सनद गेल्याचा अपमान, आणि तो विसरण्यासाठी तळीरामाने पुढे केलेला दिलासा. नाटकाचा सारा युक्तिवाद मात्र असा, की हा ‘प्रसंग’ हीच फसवणूक आहे. पहिल्या प्याल्यानंतर वेळच उरत नाही. प्रत्येक वेळ ही पिण्याची वेळ होते. आर्यमदिरामंडळ हे तर सभा, ठराव, सभासदत्व यांचे विडंबन. सण नसलेल्या समाजाने घडवलेला खोटा सण. गडकऱ्यांनी मद्याची वेळ विसरून नव्हे, तर जाणीवपूर्वक नाकारली, हे या नाटकाच्या तौलनिक वाचनात अधोरेखित व्हावे.

नाटकाचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु ते भाषेच्या एका प्रवृत्तीशी जुळून आले. मराठीत ‘तो पितो’ एवढे म्हटले की कर्माची गरज राहत नाही : काय, केव्हा, कोणाबरोबर, काहीच सांगावे लागत नाही, निकाल लागलेला असतो. याउलट मध्यमवर्गीय संभाषणात ‘कधीमधी घेतो’ हा सौम्य प्रयोग आहे. त्यातील ‘कधीमधी’ हे वेळेचे क्रियाविशेषण घेणाऱ्याला ‘पिणाऱ्या’पासून वाचवते. बोलीने वेळेचे महत्त्व ओळखले आहे, याचा हा पुरावा. आषाढ अमावास्येला दीपपूजेचा दिवस म्हणावे, की श्रावणाच्या निर्बंधापूर्वीची ‘गटारी’, यावरही घराघरांत वर्ग आणि वृत्ती कळते. लेखनभाषेत मात्र एका टोकाला ‘मधु’ आणि दुसऱ्या टोकाला ‘दारू’. मधली जागा बरीचशी मोकळी.

५. वेळ हिरावली जाते तेव्हा

या मधल्या जागेचा प्रश्न केवळ शैलीचा नाही, हे आदिवासी जीवनाच्या संदर्भात कळते. गोपीनाथ महांती यांच्या ‘परजा’ (१९४५) या ओडिया कादंबरीत मांडिया जानी चोरून दारू गाळल्याबद्दल पकडला जातो. दंड भरण्यासाठी सावकाराचे कर्ज, आणि कर्जापायी वेठीची गुलामी, असा क्रम लागतो. समाजाच्या दृष्टीने जे गाळणे रोजच्या जगण्याचा भाग, ते कायद्याच्या दृष्टीने गुन्हा. वाचकाला हा विसंवाद कळला नाही, तर कादंबरी ‘दारूमुळे झालेला नाश’ अशी वाचली जाईल. प्रत्यक्षात नाशाचे कारण दंड आणि कर्ज आहे.

तथापि याच इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. १९२२ मध्ये पालघर भागातील कोळी समाजातून उगम पावलेली देवीची चळवळ डोंगराळ मुलखातून दक्षिण गुजरातेत पसरली. देवीच्या आज्ञेने हजारो आदिवासींनी दारू आणि ताडी सोडली. ज्यांच्या विधीत मद्याला स्थान होते, त्यांनीच ते नाकारले. कारण पेय आता त्यांच्या सणाचे राहिले नव्हते, मक्तेदाराच्या दुकानाचे झाले होते. गडचिरोलीत जनआंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी आली, तीमागे स्त्रियांचा रेटा मोठा होता. म्हणून पेयाची वेळ जपणाऱ्या संस्कृतीचे भाबडे गौरवीकरण येथे अभिप्रेत नाही. ज्या घरात रोजची मजुरी गुत्त्यावर जाते, त्या घराला मोहाच्या पहाटेचे काव्य ऐकवणे क्रूर ठरेल. सणाचे पेय आणि रोजचे व्यसन हा भेद त्या समाजांना आपल्यापेक्षा अधिक नेमका ठाऊक आहे. एकाच शब्दाने दोहोंना हाक मारणारी भाषा दोहोंपैकी कोणालाही न्याय देत नाही.

कायद्याच्या भाषेत तर हा गोंधळ मजेशीर वळण घेतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या चौकटीत महाराष्ट्रात व्यक्तीला मद्य पिण्याचा परवाना मिळतो तो आरोग्याच्या रक्षणासाठी. फार्सीतून निघालेल्या ‘दारू’ शब्दाचा औषधाचा अर्थ मराठीत जोडशब्दापुरता मागे पडला, आणि सरकारी अर्जावर तो पुन्हा औषध झाला. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या कोरड्या दिवसांनी आधुनिक राज्याने पिण्याचे नव्हे, न पिण्याचे पंचांग तयार केले. वेळ येथेही आहेच. फक्त ती उलटी झाली आहे.

६. भाषांतरकारापुढील काम

या विवेचनातून एक व्यावहारिक सूत्र निघते. कळ्ळू, हंडिया, तोंगबा, उर्राक, मोहाची या सर्वांना मराठीत ‘दारू’ म्हणणे हे भाषांतर नव्हे, निवाडा आहे. आणि त्यांना ‘मधु’ किंवा ‘मदिरा’ म्हणणे हे त्यांच्या अंगचा वास पुसणे आहे. मूळ नाव ठेवावे, आणि त्याबरोबर त्याची वेळ मजकुरातच कळू द्यावी. मराठीला हे परके नाही. नीरा आणि माडी हा भेद तिच्याकडे आहे. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग तिने भट्टीवरून उचलून अस्सलपणासाठी वापरला आहे. माडावरून मडके उतरवणारा माणूस सूर्याकडे पाहून रसाचे नाव सांगतो. संहितेतला प्याला भाषांतरात उतरवणाऱ्यानेही तेवढेच पाहावे.