म्हणी, कोकण किनाऱ्यावरील

लोकानुभवाचे सार मोजक्या व सहज स्मरणात राहणाऱ्या शब्दांत सांगणारे परंपरागत वचन म्हणजे म्हण. आयरिश भाषेत म्हणीला ‘जुना शब्द’ अशा अर्थाची संज्ञा असून, कितीही मोठा लोंढा आला तरी तो ओसरतोच, अशा आशयाची एक म्हण तेथे आढळते. मराठीतही भरतीमागून येणाऱ्या ओहोटीचा दृष्टांत रूढ आहे.

रत्नागिरी शहरालगतच्या मिरकरवाडा या मासेमारी बंदरात दालदी मुसलमान मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. जिल्ह्याच्या किनाऱ्यावर खारवी समाजही हाच व्यवसाय करतो. किनारपट्टीवर मासेमारी व भातशेती शेजारी नांदत असल्याने, जो पाऊस शेतीचा हंगाम सुरू करतो तोच समुद्र बंद करतो. ‘मृगाआधी पेरावे, बोंबेआधी पळावे’ ही म्हण कोकणातील धूळवाफ पेरणीस लागू पडते; मृग नक्षत्र सुमारे ७ जूनला लागते. याउलट ‘पडतील स्वाती, तर पिकतील मोती’ ही म्हण रब्बीच्या प्रदेशास अनुकूल आहे. ऑक्टोबरअखेरचा तोच पाऊस कोकणात कापणीस आलेल्या भाताची नासाडी करतो. म्हणीचे सत्य असे प्रदेशसापेक्ष असते.

ते प्रसंगसापेक्षही असते. ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण धीर देते, तर ‘बुडत्याचा पाय खोलात’ ही इशारा देते. दोहोंपैकी कोणती वापरावी, हे बोलणाराच ठरवतो. ‘पाण्यात राहून माशाशी वैर करू नये’ ही म्हण बलिष्ठाशी जमवून घेण्याचा व्यवहार शिकविते. मात्र तीच दुर्बलाला गप्प बसविण्यासाठीही वापरली जाते.

नारळी पौर्णिमेस (श्रावण पौर्णिमा) समुद्राला नारळ अर्पण करून मासेमारीस प्रारंभ करण्याचा प्रघात जुना आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम (१९८१) संमत झाल्यानंतर पावसाळी बंदीस कायद्याचा आधार मिळाला; यांत्रिक नौकांसाठी ती सध्या १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. त्यामुळे प्रारंभाचा दिवस तिथीऐवजी तारखेने ठरू लागला व हवेचा अंदाज वेधशाळेकडून मिळू लागला. निसर्गाचे अंदाज सांगणाऱ्या म्हणींचा व्यावहारिक उपयोग त्यामुळे घटला. मानवी स्वभावावरील म्हणी मात्र प्रचारात राहिल्या.

ॲल्फ्रेड मॅनवेअरिंग यांनी मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. अशा संग्रहांत शब्द सुरक्षित राहतात; परंतु म्हण कोणी, कोणाला व कोणत्या प्रसंगी ऐकविली, याची नोंद सहसा नसते. ती नोंद बोलणारी पिढी हयात असतानाच घेता येते.