वृश्चिकदंश आणि हृदयाची गति

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत देहेड नांवाचें एक लहानसें खेडें आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९५१ सालीं तेथें जन्मले. त्यांच्या कीर्तीस कारण झालेला प्राणी वाचकांच्या परिचयाचाच आहे. तो म्हणजे तांबडा विंचू.

१९७६ सालीं ते आजच्या रायगड जिल्ह्यांत, महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. त्या काळीं कोंकणांत विंचवाच्या दंशानें धडधाकट माणसें व मुलें दगावत. एवढ्याशा विषानें मृत्यु यावा कसा? बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून याचा शोध घेतला. विषानें मज्जातंतु खवळतात व अड्रिनलिनासारख्या द्रव्यांचा शरीरांत पूर लोटतो. दरदरून घाम सुटतो, वांति होते, हातपाय गार पडतात. रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढतो. नाडी कधीं प्रथम मंद, मागाहून द्रुत व अनियमित होते. आणि हृदय थकलें कीं फुप्फुसांत पाणी सांचून रोगी गुदमरतो. हीं पूर्वलक्षणें त्यांनीं १९८२ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध केलीं.

ठोके बिघडले कीं ठोक्यांवरच औषध द्यावें, असें कोणासही वाटेल. मंद नाडीवर ॲट्रोपिन देतात, आणि इतर प्रसंगीं तें प्राणरक्षकही ठरतें. परंतु येथें तें मागाहून येणाऱ्या धडधडीस भरच घालतें. बावस्करांनीं प्राझोसिन निवडलें. हें मूळचें रक्तदाबावरचें, स्वस्त व पोटांत घेण्याचें औषध. त्याचा रोख ठोक्यांवर नसून आवळलेल्या रक्तवाहिन्यांवर आहे. त्या सैल झाल्या कीं हृदयावरील भार उतरतो. आमचें आयुष्य व्याकरण शिकविण्यांत गेलें. कार्य सोडून कारण धरणारी ही बुद्धि आम्हांस फार आवडली. पूर्वीं शेंकडा ४० पर्यंत जाणारें मृत्यूचें प्रमाण शेंकडा १ च्या आसपास आलें. प्राझोसिनास प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी लवकर बरा होतो, हें बावस्कर दांपत्यानें २०११ सालीं दाखविलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

आमचा मंत्रांवर राग नाहीं. मात्र ते दवाखान्याच्या वाटेवर म्हणावे, ओसरीवर बसून नव्हे. प्राझोसिन दिल्यावर रोग्यास आडवेंच ठेवावें लागतें, कारण एकदम उठल्यास रक्तदाब उतरून घेरी येते. हातापायांस ऊब येईपर्यंत डॉक्टर त्याची मात्रा ठराविक तासांनीं पुन्हा देतात.