८३ मिनिटांचा निरोप

आपल्या भाषेत ‘निरोप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. निरोप धाडतात आणि निरोप घेतातही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी हे दोन्ही अर्थ एकत्र आले.

१९९७ साली निघालेले आणि २००४ पासून शनीभोवती फिरणारे कॅसिनी यान त्या दिवशी शनीच्या वातावरणात शिरून जळून जाणार होते. हा अपघात नव्हता. यान चालवणाऱ्या चमूनेच ते ठरवले होते.

का बरे? यानातील इंधन संपत आले होते. इंधन संपले की यान वळवता येत नाही. ते भरकटून एखाद्या उपग्रहावर आदळू शकते. एन्सेलॅडस या उपग्रहाच्या बर्फाखाली पाण्याचा समुद्र आहे, हे कॅसिनीमुळेच कळले होते. यानाबरोबर गेलेला पृथ्वीवरचा एखादा चिवट जंतू तेथे पोचला, तर पुढे तेथे सापडणारा जीव तिथला की आपलाच, हे कसे ठरवणार? मला तर हा निर्णय यानाने लावलेल्या शोधांइतकाच मोलाचा वाटतो.

आता थोडे गणित करू. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर जातात. शनीपासून येथवर येण्यास त्यांना त्या दिवशी ८३ मिनिटे लागत होती. ८३ ला ६० ने आणि मग ३ लक्षांनी गुणा. उत्तर येईल सुमारे १४९ कोटी किलोमीटर! म्हणजे पॅसाडेनाच्या नियंत्रण कक्षात सारे जण ज्या यानाचा संदेश पाहत होते, ते यान केव्हाच नाहीसे झाले होते.

शेवटची झुंज मात्र पाहण्यासारखी होती. संदेश पोचायचा, तर यानाची तबकडी पृथ्वीकडेच रोखलेली हवी. पण विरळ वातावरणही यानाच्या ११ मीटर लांब दांडीला ढकलून त्याला फिरवू पाहत होते. (तरफ आठवते ना? बल थोडे, पण भुजा लांब!) यानाचे छोटे झोत ते फिरणे रोखत होते. मिनिटभरात त्यांची सारी शक्ती पणाला लागली आणि यान कलंडले. तरीही अंदाजापेक्षा सुमारे अर्धा मिनिट अधिक तग धरून ते वातावरणाची माहिती धाडतच राहिले.

आपल्या घड्याळात ५ वाजून २५ मिनिटे झाली होती, पॅसाडेनात पहाट होती. पडद्यावरची रेषा मावळली. मोहिमेचे प्रमुख अर्ल मेझ यांनी मोहीम संपल्याचे जाहीर केले, साऱ्यांचे अभिनंदन केले आणि सहकाऱ्यांना मिठी मारली. कित्येकांनी या एकाच यानाला वीस-वीस वर्षे दिली होती.

त्यांच्यातील शास्त्रज्ञ लिंडा स्पिलकर यांनी २०२२ साली व्हॉयेजर मोहिमेच्या वैज्ञानिक कामाची धुरा घेतली. व्हॉयेजर-१ चा निरोप येण्यास आता २३ तासांहून अधिक वेळ लागतो.