लाइव्ह यायचं, पण कुठे? गेम स्ट्रीमिंगबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट असं काही ना काही खेळणारी आणि खेळताखेळता छान बोलणारी मराठी मुलंमुली आज घरोघरी आहेत. त्यांपैकी अनेकांना लाइव्ह यायचं असतं. यूट्यूब, ट्विच, किक की आणखी काही, हा पहिला प्रश्न असतो आणि त्याची उत्तरं मिळतात ती मित्रांकडून किंवा डिस्कॉर्डच्या ग्रुपांवरून. तिथला बराचसा सल्ला मूळचा अमेरिकेतल्या स्ट्रीमरसाठीचा असतो. प्रेक्षकाच्या हातात कोणता फोन आहे, त्याचा रिचार्ज किती रुपयांचा आहे, तो पैसे कशाने भरतो, हे त्या सल्ल्यात नसतं. माझ्या मते प्लॅटफॉर्म निवडताना सगळ्यात आधी हेच पाहायला हवं.

गैरसमज : गेमिंग म्हणजे ट्विच. तिथे गेलं की प्रेक्षक आपोआप मिळतात.

ट्विचचा दबदबा खोटा नाही. २००७ साली सुरू झालेल्या जस्टिन डॉट टीव्हीने जून २०११ मध्ये गेमिंगपुरती वेगळी साइट काढली, तीच ट्विच. २०१४ मध्ये ॲमेझॉनने ती सुमारे ९७ कोटी डॉलर्सना विकत घेतली. गेम लाइव्ह दाखवण्याची, चॅटशी गप्पा मारत खेळण्याची रीत बऱ्याच अंशी तिथेच घडली.

पण ट्विचवर एखाद्या गाजलेल्या गेमचं पान उघडून पाहा. चॅनेल्सची मांडणी वर्षानुवर्षं मुख्यतः प्रेक्षकसंख्येच्या उतरत्या क्रमाने होत आली आहे. पहिल्या रांगेत हजारो प्रेक्षक असलेले स्ट्रीमर असतात. खाली सरकत राहिलात की आकडा शंभरावर येतो, मग दहावर, मग एकावर, आणि अगदी तळाशी शून्य प्रेक्षक असलेल्या चॅनेल्सची लांबच लांब यादी लागते. नव्या माणसाची जागा तिथे असते. इतकं खाली कोणी सहसा उतरत नाही. अलीकडे ट्विचने शिफारशी आणि क्लिप्सचं फीड आणलं आहे, तरीही बाहेरून प्रेक्षक आणल्याशिवाय तिथे वर सरकणं कठीणच जातं.

यूट्यूबवर लाइव्ह संपलं तरी व्हिडिओ चॅनेलवर राहतो. पंधरा दिवसांनी त्याच गेमबद्दल काही शोधणाऱ्याला तो सापडू शकतो आणि शिफारशीतूनही तो पुढे येऊ शकतो. अर्थात नुसत्या लाइव्हवर यूट्यूबही अनोळखी माणसं आणून देत नाही. नवे लोक येतात ते छोट्या, नीट कापलेल्या व्हिडिओंतून आणि शॉर्ट्समधून. ते एकदा आले की लाइव्ह त्यांना धरून ठेवतं. शोधणं, पाहणं आणि परत येणं या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होतात, ही यूट्यूबची खरी ताकद आहे. सुरुवात करणाऱ्याला तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

गैरसमज : पिक्चर जितकं भारी, तितकं स्ट्रीम चांगलं.

याच एका समजापायी आपल्याकडचे सर्वांत जास्त प्रेक्षक निसटतात, म्हणून इथे हिशेब मांडतो. ट्विचवर नेहमी सांगितला जाणारा वरचा बिटरेट ६००० केबीपीएस आहे. म्हणजे सेकंदाला सहा मेगाबिट, म्हणजेच पाऊण मेगाबाइट. तासाभरात २.७ जीबी डेटा जातो. प्रेक्षकाकडे रोज दीड जीबीचा पॅक असेल, तर तुमचं स्ट्रीम मूळ क्वालिटीत पाहताना त्याचा दिवसाचा डेटा साधारण तेहतीस मिनिटांत संपतो. त्यातच त्याला घरच्यांशी व्हिडिओ कॉल करायचा असतो आणि अभ्यासाचं काहीतरी पाहायचं असतं.

म्हणून प्रेक्षकाला क्वालिटी कमी करता येते का, हे आधी बघायला हवं. तुम्ही पाठवलेल्या एका मोठ्या चित्राची ३६० किंवा २४० पीसारखी लहान रूपं सर्व्हरवर तयार व्हावी लागतात. यूट्यूब ती सर्वांसाठी तयार करतं, तुमचे दहा सबस्क्राइबर असोत की दहा लाख. ट्विचवर मात्र ही हमी फक्त पार्टनर दर्जाच्या स्ट्रीमरला असते, बाकीच्यांना सर्व्हरवर जागा असेल तसं मिळतं. ते मिळालं नाही, तर प्रेक्षकाला एकच पर्याय उरतो : मूळ क्वालिटी. गावात नेट अडखळत असेल तर चाक फिरत राहतं आणि तो निघून जातो. स्ट्रीमरला वाटतं, आपलं बोलणं आवडलं नाही.

पुण्यात फायबरवर बसून स्ट्रीम करणाऱ्याने आपलंच स्ट्रीम एकदा तरी मोबाइल डेटावर, साध्या फोनवर उघडून पाहावं. आणि ज्या प्लॅटफॉर्मवर क्वालिटी खाली आणायची सोय सगळ्यांना मिळत नाही, तिथे स्वतःच बिटरेट उतरवावा. ७२० पी आणि ३००० केबीपीएसमध्ये मोबाइल गेम अगदी व्यवस्थित दिसतो. आणखी एक गोष्ट : स्ट्रीम करताना तुमचा डाउनलोडचा नाही, अपलोडचा वेग कामाला येतो. कनेक्शन घेताना तोच विचारा.

गैरसमज : जो जास्त टक्के देतो, तो चांगला.

डिसेंबर २०२२ मध्ये किक आलं आणि सबस्क्रिप्शनचे ९५ टक्के स्ट्रीमरला देऊ, असं त्याने जाहीर केलं. ट्विचवर सर्वसाधारण वाटणी निम्मी-निम्मी आहे. प्लस नावाच्या योजनेत ठरावीक टप्पे गाठले की ती ६० किंवा ७० टक्क्यांवर जाते. यूट्यूब मेंबरशिप आणि सुपरचॅटचे ७० टक्के देतं. कागदावर किक बिनविरोध जिंकतं.

पण टक्के कशाचे, हे विचारायला हवं. किकवर महिन्याला ४.९९ डॉलर्सचं सबस्क्रिप्शन घेणारे मराठी प्रेक्षक किती निघतील? यूट्यूबवर भारतातली बरीच चॅनेल्स ५९ रुपयांसारख्या लहान रकमेची मेंबरशिप ठेवतात, आणि अँड्रॉइड फोनवर गूगल प्लेच्या मार्फत यूपीआयने पैसे भरता येतात. कॉलेजातला मुलगा ५९ रुपये देतो. चारशे रुपयांच्या वर रक्कम गेली की तो नुसता ‘दादा, भारी खेळलास’ असं लिहून जातो. शून्य सबस्क्रिप्शनचे ९५ टक्के म्हणजे शून्यच. कुठलाही प्लॅटफॉर्म पक्का करण्याआधी तिथे प्रेक्षक म्हणून स्वतः एकदा पैसे भरून पाहा. किती पायऱ्या लागतात आणि कुठलं कार्ड मागतात, ते तेव्हाच कळतं.

किक इतके टक्के देऊ शकतं, यामागचं कारणही माहीत असावं. त्याचे संस्थापक एड क्रेव्हन आणि बिजन तेहरानी हे स्टेक या ऑनलाइन कसिनोचेही संस्थापक आहेत. ट्विचने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टेकसह काही जुगाराच्या साइट्स दाखवण्यावर बंदी घातली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच किक उभं राहिलं. तिथे गेमिंगचे चांगले स्ट्रीमरही आहेत, पण शेजारी काय चालतं हे शाळकरी प्रेक्षक असलेल्या स्ट्रीमरने नजरेआड करू नये.

गैरसमज : हजार सबस्क्राइबर झाल्याशिवाय यूट्यूबवर एक रुपया मिळत नाही.

जाहिरातींच्या पैशांसाठी १००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४००० तासांचा वॉचटाइम, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात, हे खरं. पण ५०० सबस्क्राइबर, ९० दिवसांत तीन अपलोड आणि ३००० तास झाले की मेंबरशिप आणि सुपरचॅटचा दरवाजा उघडतो. लाइव्हमधले तासही यात धरले जातात. अट एकच : स्ट्रीम संपल्यावर तो व्हिडिओ पब्लिक ठेवायचा. खेळ वाईट झाला म्हणून लाइव्ह प्रायव्हेट करून टाकणारे आपल्याच कमाईचे तास पुसतात. एवढी मेहनत अशी वाया गेलेली पाहिली की फार वाईट वाटतं.

गैरसमज : पाठीशी मोठी कंपनी आहे, म्हणजे प्लॅटफॉर्म टिकणारच.

मायक्रोसॉफ्टपेक्षा मोठी कंपनी कुठली दाखवायची? २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने बीम नावाची सेवा घेतली आणि २०१७ मध्ये तिचं नाव मिक्सर ठेवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये निन्जा, म्हणजे टायलर ब्लेव्हिन्स, हा त्या काळातला सर्वांत गाजलेला स्ट्रीमर ट्विच सोडून तिथे गेला. त्याच्या मागोमाग श्राउड हा दुसरा नावाजलेला स्ट्रीमरही गेला. वर्षही पुरतं झालं नाही आणि जून २०२० मध्ये मिक्सर बंद होत असल्याची घोषणा झाली. २२ जुलैला ते बंद झालं आणि स्ट्रीमर-प्रेक्षकांना फेसबुक गेमिंगचा रस्ता दाखवण्यात आला. निन्जा ट्विचवर परतला. ज्यांच्या हातात मोठा करार नव्हता, त्यांना मात्र माणसं पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागली. जे फेसबुककडे गेले, त्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये फेसबुक गेमिंगचं वेगळं ॲपही बंद झालेलं पाहावं लागलं. यूट्यूबनेदेखील आपलं स्वतंत्र गेमिंग ॲप मे २०१९ मध्ये गुंडाळलं होतं.

दक्षिण कोरिया म्हणजे ई-स्पोर्ट्सचं माहेरघर. तिथून ट्विच २७ फेब्रुवारी २०२४ रोजी बाहेर पडलं. नेटवर्कचं शुल्क इतर बहुतेक देशांच्या दहापट पडतं, असं कारण कंपनीने दिलं. आपल्याकडे तर प्लॅटफॉर्म राहतो आणि गेमच जातो, असंही घडलं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल गेलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, आणि बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून हटलं ते मे २०२३ मध्ये परतलं. त्या मधल्या महिन्यांत एकाच गेमवर उभी असलेली चॅनेल्स हवालदिल झाली होती.

यावर इलाज साधे आहेत. प्रत्येक स्ट्रीमचं रेकॉर्डिंग स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. ट्विचवर जुनी स्ट्रीम्स काही दिवसांनी आपोआप निघून जातात, पार्टनरचीसुद्धा ६० दिवसांनी जातात, आणि एप्रिल २०२५ पासून हायलाइट्स व अपलोड्स मिळून एका चॅनेलला १०० तासांची मर्यादा आहे. प्रेक्षकांशी बोलण्याचा दुसरा एक मार्गही उघडा ठेवा, मग तो डिस्कॉर्ड असो, व्हॉट्सॲप चॅनेल असो की इन्स्टाग्राम. आणि अधूनमधून दुसरा गेमही खेळत जा, म्हणजे लोक गेमसोबत तुम्हालाही ओळखू लागतील.

गैरसमज : एकाच ठिकाणी बांधून घ्यावं लागतं.

पूर्वी ट्विचची तशी अट होती. ऑक्टोबर २०२३ पासून ट्विचने एकाच वेळी इतरत्र लाइव्ह जायला परवानगी दिली आहे. ट्विचवरची क्वालिटी दुसरीकडच्यापेक्षा कमी ठेवायची नाही आणि तिथल्या प्रेक्षकांना दुसरीकडे पिटाळायचं नाही, अशा अटी आहेत. यूट्यूबची अशी सक्ती नाही. मात्र घरूनच दोन ठिकाणी थेट पाठवायचं तर अपलोडही दुप्पट लागतो. रीस्ट्रीमसारखी सेवा एकच प्रवाह घेऊन पुढे वाटते, त्यामुळे कमी वेगातही काम भागतं. तरी नवख्याने सुरुवातीला एकाच चॅटकडे लक्ष द्यावं, असं मी सांगेन. पाच माणसं दोन ठिकाणी वाटली गेली, तर कुठेच गप्पा रंगत नाहीत.

गैरसमज : लाइव्हला कायदे-नियम लागत नाहीत.

मागे हिंदी-मराठी गाणी लावून खेळणाऱ्यांना यूट्यूबची कॉपीराइट तपासणी लाइव्हमध्येही पकडते. ट्विचवर २०२० मध्ये तक्रारींची अशी लाट आली की अनेकांना वर्षानुवर्षांच्या क्लिप्स पुसाव्या लागल्या. वयाचंही तसंच. २२ जुलै २०२५ पासून यूट्यूबवर १६ वर्षांखालच्या मुलांना एकट्याने लाइव्ह येता येत नाही, सोबत मोठं माणूस दिसावं लागतं.

सर्वांत गंभीर गोष्ट स्पॉन्सरशिपची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेम्सवर त्याने बंदी घातली, आणि अशा गेमची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘फक्त लिंक टाक, दहा हजार देतो’ असा मेसेज नव्या स्ट्रीमरलाही येतो. प्लॅटफॉर्म कुठलाही असो, भारतात बसून ती लिंक टाकू नका. परदेशी साइट आहे म्हणून चालतं, असं समजू नका.

माझा कौल असा. मराठीत बोलणार असाल, मोबाइल गेम खेळणार असाल आणि प्रेक्षक महाराष्ट्रातले असतील, तर यूट्यूबपासूनच सुरुवात करा. पीसीवर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळत असाल, इंग्रजी-हिंदीतून बोलणं जमत असेल किंवा परदेशातल्या प्रेक्षकांवर नजर असेल, तर ट्विच जोडीला घ्या. किकचा विचार तुमची स्वतःची पैसे देणारी माणसं तयार झाल्यावर करा. आणि तारीख जाहीर करण्याआधी एक काम आजच उरका : यूट्यूबवर लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि फोनवरच्या ॲपमधून लाइव्ह यायला किमान ५० सबस्क्राइबर लागतात.